कार्ड घासून कॅश : शेकडा अडीचचा हिशेब

जूनमध्ये आणि दिवाळीच्या आधी मला एक ठरलेला फोन येतो. आवाज दरवेळी वेगळा, प्रश्न तोच. "दादा, तुमच्या ओळखीत कार्डावर कॅश देणारं कुणी आहे का? टक्का कमी लावणारं बघा." तालुक्याच्या गावात पत्रकाराकडं सगळ्या कुलपांच्या किल्ल्या असतात असा लोकांचा समज आहे. दाखला अडकला, पोलीस तक्रार घेईनात, ट्रान्सफॉर्मर जळून आठ दिवस झाले, लाव पत्रकाराला फोन. आता त्या यादीत क्रेडिट कार्ड आलंय.

फोन करणारी माणसं कोण, हे आधी सांगतो, कारण शहरातल्या मित्रांना वाटतं की हे सगळे आयफोनच्या हप्त्यात बुडालेले लोक असणार. एक झेडपीचे शिक्षक. मुलीला लातूरला क्लास लावलाय, हॉस्टेलवाल्याला डिपॉझिट रोखच पाहिजे. एक चाकणच्या कंपनीत काम करणारा पोरगा. वडिलांना सोलापूरला दवाखान्यात नेलंय, रात्री साडेनऊला काउंटरवरून सांगितलं की आधी तीस हजार भरा. एक कंत्राटी ऑपरेटर, तीन महिने मानधन नाही. एक किराणा दुकानदार, होलसेलवाला उधारी थांबवून बसलाय. सगळ्यांकडं कार्ड आहे, कार्डावर लाख-दीड लाखाचं लिमिट आहे, आणि खिशात पाचशे रुपये आहेत.

ही अवस्था आपल्याकडं नवीन आहे. दहा वर्षांपूर्वी तालुक्यात क्रेडिट कार्ड म्हणजे डॉक्टर, कॉलेजचे प्राध्यापक आणि एखादा बिल्डर. आता पगार खातं उघडलं की दोन महिन्यांत फोन येतो, "सर, तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे, फक्त ओटीपी सांगा." २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या चालू क्रेडिट कार्डांचा आकडा दहा कोटींच्या पुढं गेला. त्यातली काही कार्डं आपल्या एसटी स्टँडच्या आसपास राहणाऱ्या लोकांच्या पाकिटात आहेत. पण जिथं खरी नड असते तिथं कार्ड चालत नाही. सोयाबीन काढणाऱ्या बायकांना संध्याकाळी रोख द्यावी लागते. घरमालकाला डिपॉझिट रोख लागतं. मयताच्या घरी तर विचारायलाच नको. म्हणजे बँकेनं तुम्हाला लाख रुपयाची पेटी दिली आणि किल्ली स्वतःकडं ठेवली. किल्ली पाहिजे असेल तर भाडं पडेल.

ते भाडं किती, हे कार्ड घेताना कुणी सांगत नाही. पुस्तिका येते, अक्षरं मुंगीएवढी. म्हणून इथं एकदा रुपयांत मांडतो.

एटीएममध्ये क्रेडिट कार्ड घालून वीस हजार काढले असं धरा. बहुतेक मोठ्या बँकांची फी अडीच टक्के आणि कमीत कमी पाचशे. म्हणजे ५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. नोटा मशीनमधून बाहेर आल्या त्या दिवसापासून व्याज सुरू. खरेदीला मिळतात तसे बिनव्याजी दिवस रोखीला मिळत नाहीत, हा मुद्दा दहातल्या नऊ जणांना माहीत नसतो. व्याज महिन्याला पावणेचार टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४५. वीस दिवसांनी पगार झाल्यावर पैसे भरले तर व्याज ४९३ रुपये, आणि त्यावर परत जीएसटी ८९. होय, व्याजावरसुद्धा जीएसटी. घरकर्जाच्या, पीककर्जाच्या, सोनेतारणाच्या व्याजावर जीएसटी नाही, त्याला सूट आहे. त्या सुटीतून क्रेडिट कार्डाचं व्याज तेवढं वगळलंय. एकूण झाले ११७२ रुपये. वीस हजाराला, वीस दिवसांचे. आणि दोन-तीन हजारच काढले तरी फी पाचशेच, तेव्हा लहान रक्कम तर एटीएममधून काढूच नये.

आता दुसरा रस्ता. मोबाईलचं, इलेक्ट्रॉनिक्सचं, क्वचित सोन्याचं दुकान. काही ठिकाणी काचेवर छोटा कागद असतो, "कार्ड टू कॅश". काही ठिकाणी कागदही नसतो, चहावाल्याला विचारलं की तो मानेनं दाखवतो. आमच्याकडं याला कार्ड घासणं म्हणतात. तुम्ही वीस हजाराला कार्ड घासायचं, दुकानदार गल्ल्यातून साडेएकोणीस हजार मोजून देणार. शेकडा अडीच. ओळखीत दोन, सणासुदीला तीन. त्या अडीचमधले दीड-दोन टक्के मशीन देणारी बँक कापून घेते, उरलेलं त्याचं. त्याच्या खात्यावर पैसे दुसऱ्या दिवशी येतात, आज तो स्वतःचे देतो. बिल बनवतो ते कशाचं तर कूलरचं. भर पावसाळ्यात आमच्या गावात इतके कूलर विकले जातात की हवामान खात्यानं दखल घ्यावी.

एटीएमला ११७२, दुकानात ५००. मग लोक दुकानात जातात यात नवल ते काय? त्यांना अडाणी म्हणणारी भाषणं मी बँकेच्या आर्थिक साक्षरता मेळाव्यात ऐकलीत. तिथं समोर बसलेल्या बाईला आपल्या बचत गटाचं व्याज तोंडपाठ होतं, आणि व्यासपीठावरच्या साहेबांना स्वतःच्या बँकेच्या कार्डाचा वार्षिक दर सांगता आला नाही. लोक हिशेब बरोबर करतात. फक्त त्यांचा हिशेब त्या दिवसापुरता असतो, आणि खरा खर्च सुरू होतो पुढच्या महिन्यात.

तो असा. दुकानात घासलेली रक्कम बँकेच्या लेखी खरेदी असते, त्यामुळं बिनव्याजी मुदत मिळते. बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घासलं तर पंचेचाळीस-पन्नास दिवस हातात. जाणकार लोक तारीख बघूनच घासतात. मुदतीत पूर्ण बिल भरलं तर अडीच टक्क्यांत विषय संपला. तेही स्वस्त नाही. पंचेचाळीस दिवसांना अडीच म्हणजे वर्षाच्या हिशेबात वीस टक्क्यांच्या वर जातं. पण नडीला चालून जातं.

पूर्ण बिल भरता आलं नाही तर? पन्नास हजार घासले, हातात ४८,७५० आले. बिल आलं, त्यावर ठळक अक्षरात "किमान देय रक्कम २५००". माणूस म्हणतो, चला, अडीच हजारच भरायचेत. भरतो. पन्नास हजारावर महिन्याचं व्याज १८७५, जीएसटी ३३७, मिळून २२१२. म्हणजे भरलेल्या अडीच हजारातले मुद्दलात गेले जेमतेम २८८ रुपये. व्याज मोजायचं ते बिलाच्या तारखेपासून नाही, कार्ड घासलं त्या दिवसापासून. आणि मागचं बिल थकलेलं असेपर्यंत नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पेट्रोल टाकलं तरी त्या दिवसापासून व्याज. किमान रक्कम भरत राहिलं तर सिबिल बिघडत नाही, वसुलीवाल्याचा फोन येत नाही, सगळं सुरळीत वाटतं. शिक्षकांनी मला त्यांची बिलं दाखवली होती. चौदा महिने इमानेइतबारे किमान रक्कम भरली. बाकी बघून ते गप्प बसले. गणिताचेच शिक्षक.

इथून पुढं रोटेशन सुरू होतं. हा शब्द आता आमच्याकडं पानटपरीवर ऐकू येतो. बिलाची तारीख जवळ आली आणि पैसे नाहीत, तर एजंट तुमचं बिल भरतो, कार्डावर लिमिट मोकळं झालं की लगेच तेवढीच रक्कम घासून स्वतःचे पैसे काढून घेतो, वर तीन टक्के. बँकेला वाटतं गिऱ्हाईक किती चांगलं, दर महिन्याला पूर्ण बिल भरतं. बँक खूश होऊन लिमिट वाढवते. लाखाचं रोटेशन केलं तर महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार गेले, आणि लाख रुपये जिथल्या तिथं. एका कार्डाची दोन झाली, दोनाची चार. चार कार्डांचा माणूस आता आमच्या गावात दुर्मिळ नाही.

यातली एक गोष्ट लोकांना कुणीच सांगत नाही. वर्षभरात एखाद्याच्या कार्डाची बिलं मिळून दहा लाख किंवा जास्त भरली गेली, तर कार्ड देणाऱ्या बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. रोखीनं भरली असतील तर लाखालाच कळवावं लागतं. लाखाचं रोटेशन बारा महिने केलं की बारा लाख. कागदावर तुमचं उत्पन्न चार लाख आणि कार्डाची बिलं बारा लाख. खातं विचारणार, हे कुठून आले? तुम्ही म्हणणार, साहेब, ते एकच लाख फिरत होते. सांगून बघा.

दुसरी गोष्ट कार्डाचीच. रोटेशनवाल्याकडं लोक कार्ड ठेवून जातात. पिन कागदावर लिहून, रबर बँडनं कार्डाला बांधून. एका दुकानाच्या ड्रॉवरमध्ये मी असा गठ्ठा पाहिलाय, पत्त्यांच्या कॅटसारखा. चाकणच्या त्या पोराचं कार्ड असंच एकाकडं होतं. त्यानं बिल भरलं एकदा आणि घासलं दोनदा. वर एकाहत्तर हजार. तक्रार द्यायला गेला तर पहिला प्रश्न, पिन कुणी दिला? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमातही हेच आहे. ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. पोरगा आता ओव्हरटाइम करून ते फेडतोय, आणि वडिलांच्या औषधासाठी आईनं पाटल्या विकल्या. मोडल्या नाहीत, विकल्या. गहाण ठेवल्या असत्या तर परत आल्या असत्या. या फरकाकडं नंतर येतो.

कायद्याचं काय? दुकानातल्या मशीनवर रोख काढण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्येच दिलीय, पण ती डेबिट कार्डाला, आणि रक्कम लहान. क्रेडिट कार्डावर रोख द्यायची परवानगी दुकानदाराला नाही, मशीन देताना बँक तसं लिहून घेते. खोट्या खरेदीचा संशय आला तर दुकानदाराचं मशीन जातं आणि तुमचं कार्ड बंद होतं, तेही बाकी एकरकमी भरा या पत्रासह. रोटेशनमध्ये असलेल्या माणसाचं कार्ड मधेच बंद होणं म्हणजे पाण्यात असताना दोर कापणं.

रस्ते बदलत राहतात, गरज तीच राहते. मध्यंतरी भाड्याचा रस्ता होता. अॅपवर बायकोला नाहीतर मेव्हण्याला घरमालक दाखवायचं, कार्डानं भाडं भरायचं, पैसे त्याच्या खात्यात. दीड-दोन टक्क्यांत काम. आधी बँकांनी त्यावर एक टक्का फी लावली, मग सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पेमेंट अॅग्रीगेटरसाठीचे नवे नियम आले आणि मोठ्या अॅपनी ती सोयच काढून टाकली. खरं भाडं भरणारेही त्यात गेले. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून. नियमानं ते फक्त दुकानदाराला देता येतं, मित्राच्या खात्यात पाठवता येत नाही. पण दुकानदाराचा क्यूआर प्रत्येक टपरीवर आहे. लहान दुकानदाराला दोन हजारापर्यंतच्या अशा व्यवहारावर बँक काही कापत नाही. मग टपरीवाला वीस-तीस रुपये घेऊन दोन हजार देतो. दहा टपऱ्या फिरलं की वीस हजार. एक गृहस्थ हे मला इतक्या अभिमानानं सांगत होते, जणू बोअरला पाणी लागलं.

आता माझा मुद्दा.

महाराष्ट्रात सावकारी नियंत्रणाचा कायदा आहे, २०१४ चा. परवानाधारक सावकारानं किती व्याज घ्यावं हे सरकारनं ठरवून दिलंय. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. बिगरशेतकऱ्याला तारण १५, विनातारण १८. त्याच्यावर घेतलं तर गुन्हा. तालुक्याला सहायक निबंधक बसवलाय, तो धाड घालू शकतो, बळकावलेली जमीन परत द्यायचा अधिकारही या कायद्यानं दिलाय. या कायद्यासाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या किती घरांनी किंमत मोजली हे आपल्याला माहीत आहे. आमचं पेज सावकाराच्या बातम्यांनी भरलेलं असायचं.

त्याच तालुक्यात, त्याच माणसाला, विनातारण, बँक ४५ टक्क्यांनी देते आणि ते कायदेशीर आहे.

राज्याचा सावकारी कायदा बँकेला लागू होत नाही हे मला कळतं. बँका रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत. रिझर्व्ह बँक म्हणते, दर अवाजवी नसावा आणि कमाल मर्यादा प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळानं ठरवावी. म्हणजे घेणाऱ्यानंच ठरवावं की आपण किती घ्यायचं. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं सांगितलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. ग्राहक आयोगाला हा दर ठरवायचा अधिकार नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असा त्याचा सरळ अर्थ. कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण मग रिझर्व्ह बँकेनं आकडा ठरवावा ना. सावकाराला आकडा ठरवून देता येतो तर बँकेला का नाही?

बँकवाले ओळखीचे आहेत, त्यांची बाजूही ऐकली. म्हणतात, तारण नाही, बुडवणारे खूप, आणि वेळेवर भरणाऱ्याला आम्ही महिना-दीड महिना फुकट वापरू देतो, त्याचा खर्च कुठून काढायचा? प्रामाणिक उत्तर आहे. म्हणजे पूर्ण बिल भरणाऱ्या साहेबांच्या विमानतळावरच्या फुकट लाउंजचे पैसे किमान रक्कम भरणारे आमचे मास्तर देतात. धोका आहे हे रिझर्व्ह बँकेलाही दिसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं असल्या विनातारण कर्जासाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. त्यानं बँक सुरक्षित होते. मास्तरांना काही फरक पडत नाही.

आणखी एक. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं किरकोळ कर्ज देताना वार्षिक खर्चाचा एकच आकडा असलेलं सोपं पत्रक ग्राहकाला देणं बंधनकारक झालं, सगळी फी धरून. चांगला नियम. त्यातून क्रेडिट कार्डाची बाकी वगळलीय. सगळ्यात महाग कर्ज तेवढं बाहेर. एटीएमच्या पडद्यावर "तुम्ही वीस हजार काढताय, आत्ता फी ५९०, रोजचं व्याज जीएसटीसह २९ रुपये, पुढं जायचं का?" एवढं मराठीत दाखवायला काय अडचण आहे? दुसऱ्या बँकेचं मशीन असलं की चार्जची सूचना येतेच की.

आता ज्यासाठी फोन येतात ते. मी फोनवर काय सांगतो, ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी विचारा, पैसे ज्याला द्यायचेत तो कार्ड घेतो का? दवाखाने पहिल्यांदा नाही म्हणतात, मशीन बंद आहे म्हणतात. अकाउंटवाल्याला भेटून आग्रह धरला की बऱ्याचदा मशीन सुरू होतं. दोन टक्के जादा मागितले तरी दुकानातल्या अडीचपेक्षा बरे, आणि खरी पावती मिळते. कूलरची नाही. शिवाय दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते आधी बघा. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशनकार्डही चालतं. सगळे आजार त्यात नाहीत, सगळे दवाखानेही नाहीत. पण योजनेच्या काउंटरवर न विचारता कार्ड घासलेली माणसं मी पाहिलीत.

रोखच पाहिजे असेल तर बँकेला फोन करून विचारा, कार्डाच्या लिमिटवर कर्ज मिळेल का. हे एटीएमसारखं नसतं. रक्कम थेट खात्यावर येते आणि हप्ते पडतात. मी पाहिलेल्या ऑफरमध्ये दर वर्षाला पंधरा ते वीसच्या दरम्यान होते, वर प्रोसेसिंग फी, आणि व्याजावर जीएसटी आहेच. अठरा सांगितलं की एकवीस समजायचं. सगळ्यांना मिळत नाही, पण ज्यांना मिळतं त्यांच्यासाठी कार्डावरून पैसे काढायचा सरळ रस्ता हाच. फोनवरची मुलगी "महिन्याला फक्त सव्वा टक्का" म्हणाली की विचारायचं, कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर की पहिल्या रकमेवर? दोन्हीत जवळपास दुपटीचा फरक पडतो.

मग कार्ड सोडून बाकीचं. पगारदार असाल तर तुमच्या खात्याची पतसंस्था असेल, तिथं आकस्मिक कर्ज नावाचा प्रकार असतो. शिक्षकांना याची आठवण मी करून दिली, ते स्वतः सभासद. पिग्मी भरत असाल तर त्यावर उचल मिळते. मुदत ठेव असेल तर ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लागतं. शेतकरी असाल तर किसान क्रेडिट कार्ड बघा. नावात क्रेडिट कार्ड असलं तरी ते वेगळं जनावर आहे. त्यावर एटीएममधून रोख काढता येते आणि तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. जनधन खातं नीट चालवलेलं असेल तर दहा हजारापर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे. शाखेत विचारलं की आधी "तसं काही नसतं" म्हणतात, दुसऱ्यांदा विचारा.

आणि सोनं. बँकेत सोनेतारण साधारण नऊ-दहा टक्क्यांपासून मिळतं, तासाभरात. बायका पाटल्या गहाण ठेवायला लाजतात आणि विकायला तयार होतात. कारण गहाण ठेवलेलं चार लोकांना कळतं, विकलेलं सोनाराला. त्या पोराच्या आईला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बँकेच्या लायनीत आमच्या भावकीतलं कुणी दिसलं असतं म्हंजे?" याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कार्ड घासून झालंच असेल तर बिलाची वाट बघू नका. एटीएममधून काढले असतील तर जेवढे जमतील तेवढे दुसऱ्या दिवसापासून भरा, व्याज दिवसावर चालतं. बिल झेपत नसेल तर किमान रक्कम भरण्याआधी बँकेकडून बाकीचे हप्ते पाडून घ्या. आणि ते फिटेपर्यंत त्या कार्डानं चहासुद्धा घेऊ नका.

हे सगळं सांगूनही अर्धे लोक शेवटी दुकानातच जातात. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. बँकेत तीस हजाराच्या कर्जाला तीन वर्षांचं रिटर्न मागतात. जिल्हा बँकांची काय अवस्था झाली ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. मल्टीस्टेटमध्ये ठेवी अडकलेले लोक अजून कलेक्टर कचेरीपुढं बसतात. दुकानदार मात्र नावानं हाक मारतो, चहा पाजतो, पाच मिनिटांत पैसे मोजतो, आणि कशाला पाहिजेत ते विचारत नाही.

माझी खासदार-आमदारांकडं एक साधी मागणी आहे, आणि ती मी निवेदनातही दिलीय. जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जाचं उद्दिष्ट विचारता, मुद्राचं विचारता. तसं एक विचारा, की या जिल्ह्यात पन्नास हजाराच्या आतलं, विनातारण, दोन दिवसांत मिळणारं कर्ज गेल्या वर्षी कोणत्या शाखेनं किती लोकांना दिलं. कार्ड आणि मायक्रो फायनान्स सोडून. उत्तर छापायला मी जागा ठेवलीय.

आमच्याकडं आज रेट अडीच आहे. पोळ्यापर्यंत तीन होईल. तुमच्या तालुक्यात काय चाललाय ते मला कळवा. दुकानाचं नाव नको, तुमचं नाव नको, फक्त तालुका आणि टक्का. जिल्हावार यादी करतोय.